सभागृहातील हशा आणि समीक्षेची बधिरता

१

मराठी समीक्षेत 'गीत' हा शब्द बहुधा उणेपणा दाखविण्यासाठी वापरला जातो. एखादी कविता 'गीतात्म' आहे असे म्हटले की तो गौरव ठरतो. तीच कविता 'गीत' आहे असे म्हटले की ती एक पायरी खाली उतरते. या तरतमभावामागे एक गृहीतक दडलेले आहे. शब्दांचे वाङ्मयीन मूल्य कागदावर ठरते. स्वर, साथ, गाणाऱ्याचा देह आणि समोर बसलेले श्रोते या गोष्टी त्या मूल्याला शोभा आणतात, फार तर त्याचे उणेपण झाकतात, परंतु ते मूल्य घडविण्यात त्यांचा वाटा नसतो, असे हे गृहीतक आहे.

आश्चर्य असे की एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष या एका बाबतीत एकमताने वागतात. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणारा समीक्षक गीताला मिश्र, म्हणून अशुद्ध कलाप्रकार मानून बाजूला सारतो. बांधिलकीचा आग्रह धरणारा समीक्षक त्याच गीतातून 'आशय' उचलतो, त्याचा सामाजिक संदर्भ सांगतो आणि उरलेला भाग संगीतज्ञांच्या स्वाधीन करतो. पहिला गीत नाकारतो आणि दुसरा त्याचे निवेदन करून टाकतो. शब्द आवाजापासून सोडवून घेतल्याशिवाय त्यांवर बोलता येत नाही, ही समजूत दोघांचीही आहे.

ही समजूत किती अपुरी आहे हे तपासण्यासाठी एखादी अवघड कसोटी घ्यावी लागेल. नीना सिमोन या आफ्रिकी-अमेरिकी गायिका-पियानोवादक स्त्रीची १९६४ साली प्रसिद्ध झालेली 'नीना सिमोन इन कॉन्सर्ट' ही ध्वनिमुद्रिका तशी कसोटी आहे. ती प्रत्यक्ष मैफलीची ध्वनिमुद्रिका आहे. तिच्यात प्रेमगीते आहेत आणि निषेधगीतेही आहेत. त्यांपैकी काही शब्द गायिकेचे आहेत, काही परक्यांचे. आणि तिच्यात श्रोत्यांचा हशा आहे. दोन्ही पक्षांना नेमके हेच हाताळता येत नाही.

२

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मार्च आणि एप्रिल १९६४ मध्ये झाले. साथीला रूडी स्टीव्हन्सन (गिटार व बासरी), लाइल अ‍ॅटकिन्सन (बास) आणि बॉबी हॅमिल्टन (ड्रम) होते. ध्वनिमुद्रिकेत सात गीते आहेत. त्यांपैकी 'आय लव्ह्ज यू, पोर्गी', 'प्लेन गोल्ड रिंग' आणि 'डोंट स्मोक इन बेड' ही तीन सिमोनच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत येऊन गेली होती. 'पायरेट जेनी', 'ओल्ड जिम क्रो', 'गो लिंप' आणि 'मिसिसिपी गॉडॅम' ही चार वेगळ्या जातीची आहेत. गीते एकाहून अधिक मैफलींतून निवडून क्रमाने मांडलेली आहेत. म्हणजे जी 'एक संध्याकाळ' श्रोता ऐकतो ती रचलेली संध्याकाळ आहे. 'मैफलीचे मुद्रण म्हणजे केवळ दस्तऐवज' हा आक्षेप इथेच गळून पडतो. निवड आणि क्रम या संहितेच्या प्राथमिक क्रिया येथे घडलेल्या आहेत.

गायिकेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण तिच्या घडणीतच प्रस्तुत वादाचे एक टोक आहे. युनिस वेमन या नावाने १९३३ साली उत्तर कॅरोलायनातील ट्रायॉन या गावी जन्मलेल्या या मुलीला अभिजात पियानोवादक व्हायचे होते. बाखच्या संगीतात तिची तालीम झाली. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने १९५१ मध्ये तिला प्रवेश नाकारला. हा नकार वर्णामुळे मिळाला अशी तिची अखेरपर्यंत धारणा होती. १९५४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका मद्यगृहात पियानो वाजविताना, नोकरी टिकवायची तर गावे लागेल या अटीमुळे ती गाऊ लागली, आणि मद्यगृहातले गाणे धर्मोपदेशक आईच्या कानी जाऊ नये म्हणून तिने नाव बदलले. पुढे बाजाराने तिच्यावर 'जाझ', 'सोल' अशा चिठ्ठ्या चिकटविल्या. तिला त्या रुचल्या नाहीत. आपले संगीत हे कृष्णवर्णीयांचे अभिजात संगीत आहे असे ती म्हणत असे. दुकानातल्या मांडणीसाठी केलेले वर्गीकरण कलेचे मूल्य ठरवू लागते तेव्हा काय होते, हे मराठी अभ्यासकाला नवे नाही. शाहिरी आणि जलसा यांना 'लोकसाहित्य' या कप्प्यात टाकून अभ्यासक्रमांनी तेच केले आहे.

३

आधी बांधिलकीवादी वाचनाकडे वळणे योग्य, कारण ही ध्वनिमुद्रिका आपलीच आहे असे त्या पक्षाला वाटण्याचा संभव अधिक. तो शेवटचे गीत उचलील, 'ओल्ड जिम क्रो' उचलील आणि उरलेली प्रेमगीते गायिकेच्या पूर्वायुष्यातील शिल्लक म्हणून सोडून देईल. ध्वनिमुद्रिकेचा क्रम या वाचनाला विरोध करतो.

'ओल्ड जिम क्रो'मध्ये वर्णविभक्तीच्या कायद्याला एका म्हाताऱ्या माणसाचे रूप दिले आहे, आणि त्याचे दिवस भरले असे त्याला तोंडावर सांगितले आहे. लगेच पुढचे गीत 'डोंट स्मोक इन बेड' हे आहे. त्यात एक स्त्री अंगठी आणि चिठ्ठी मागे ठेवून नवऱ्याचे घर सोडते. दोन निरोप शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. पहिल्या निरोपातला बेदरकारपणा कानात असतानाच दुसऱ्यातली थकलेली माया ऐकावी लागते. आणि दुसरा ऐकल्यावर पहिल्याविषयी शंका येते, की इतक्या वर्षांचा सहवास, मग तो अत्याचाऱ्याशी का असेना, एवढ्या सहज सुटतो का? हा अर्थ दोहोंपैकी कोणत्याही एका गीताच्या शब्दांत नाही. तो त्यांच्या सान्निध्यात आहे आणि एकाच आवाजाने दोन्ही निरोप घेतल्यामुळे आहे. प्रेमगीत वगळणारा समीक्षक हा अर्थ गमावतो आणि आपण काही गमावले याचा त्याला पत्ताही नसतो.

पहिल्या गीताचेही तसेच. 'आय लव्ह्ज यू, पोर्गी' हे जॉर्ज गर्श्विनच्या १९३५ सालच्या 'पोर्गी अँड बेस' या संगीतिकेतले. गोऱ्या लेखकांनी कल्पिलेली काळ्या माणसांची बोली त्यात आहे. नुसत्या शीर्षकातले क्रियापदही त्याची साक्ष देते. दुसरा पुरुष जबरदस्तीने ओढून नेईल या भीतीने एक कृष्णवर्णीय स्त्री आपल्या प्रियकराचा आधार मागते, एवढाच त्याचा विषय. परक्यांनी आपल्या तोंडी घातलेले शब्द उच्चारून ते आपलेसे करणे, ही कृती या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी आहे. शेवटच्या गीतात हाच आवाज स्वतःचे शब्द उच्चारतो. या दोन टोकांमधले अंतर हा संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचा आशय आहे, आणि आरंभीचे प्रेमगीत गाळले तर ते अंतर मोजताच येत नाही.

४

'पायरेट जेनी' हे मूळ ब्रेश्टचे गीत, संगीत कुर्ट वाइलचे, १९२८ च्या 'थ्री पेनी ऑपेरा'तले. मराठी रसिकाला हे नाटक पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मुळे (१९७८) परिचित आहे. त्या प्रयोगाच्या निमित्ताने लंडनची गुन्हेगारी मराठी तमाशाच्या चौकटीत कशी रुजते याची चर्चा मराठीत होऊ शकली. रूपांतर ही सर्जनशील कृती असते हे तत्त्व म्हणजे मराठी समीक्षेला मान्य आहे. आता सिमोन काय करते ते पाहावे. मार्क ब्लिट्झस्टाइनच्या इंग्रजी रूपांतराचा आधार घेऊन ती जेनीचे हलके हॉटेल अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावात नेते. स्थळाचा एवढाच निर्देश पुरतो. फरशी घासणारी मोलकरीण, तिच्याकडे न पाहता पैसे टाकणारी माणसे, बंदरात येणारे काळे जहाज आणि गावाचा विध्वंस, या सर्वांचा वर्ण बदलतो. ज्या किनाऱ्यावर एके काळी जहाजांतून गुलाम उतरविले गेले, तेथे आता जहाज हिशेब चुकता करायला येते.

ब्रेश्टला प्रेक्षक आणि रंगमंच यांत जाणीवपूर्वक दुरावा हवा होता. सिमोनच्या गायनात तो दुरावा राहतो. परंतु तो विचारासाठी मोकळी ठेवलेली जागा न राहता धमकी होते. निर्णायक प्रश्नाचे उत्तर जेनी ओरडून देत नाही, कुजबुजते. त्या कुजबुजीच्या वेळी सभागृहात जी शांतता आहे तीही मुद्रित झाली आहे. मुख्यतः गोऱ्या श्रोत्यांसमोर, तिकीट काढून आलेल्या सभ्य माणसांसमोर, एक काळी स्त्री त्यांच्यासारख्यांच्याच संहाराचे स्वप्न हळू आवाजात सांगते आहे. कागदावर हे गीत ब्रेश्टचे आहे. या सभागृहात ते कोणाचे आहे, या प्रश्नाचे उत्तर कागद देऊ शकत नाही.

५

आता स्वायत्ततावादी पक्षाचा मुख्य आक्षेप. 'मिसिसिपी गॉडॅम' हे निमित्तप्रधान गीत आहे, असे तो म्हणेल. निमित्ते तर उघड आहेत. जून १९६३ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याची हत्या झाली. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये स्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या. त्या बातमीनंतर हे गीत झाले. तात्कालिक क्षोभातून निघालेली रचना टिकाऊ कलाकृती होऊ शकत नाही, हा आक्षेप मराठीत इतक्या वेळा घेतला गेला आहे की तो तपासण्याची गरज कोणाला भासत नाही.

तो मर्ढेकरांच्याच परिभाषेत तपासता येईल. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांपैकी विरोधलय येथे इतकी ठळक आहे की कोणताही मर्ढेकरवादी ती नाकारणार नाही. चाल उसळती, हलकीफुलकी, ब्रॉडवेच्या करमणूकप्रधान संगीतिकेला शोभेल अशी. शब्द मृत्यूचे आणि संतापाचे. इथपर्यंत सिद्धान्त चालतो. पण पुढे प्रश्न उभा राहतो. हा विरोध कोणत्या दोन घटकांमध्ये आहे? तो एका नादाचा दुसऱ्या नादाशी नाही. 'ही चाल करमणुकीची असते' हा सामाजिक संकेत आणि 'चार मुली मारल्या गेल्या' ही वार्ता, यांच्यात तो आहे. संकेत ठाऊक नसलेल्याला चाल केवळ द्रुत वाटेल; वार्ता ठाऊक नसलेल्याला शब्द केवळ उद्धट वाटतील. विरोधलयीचे दोन्ही ध्रुव लौकिकात रोवलेले आहेत. म्हणजे रचनेचे सौंदर्य सिद्ध करण्यासाठीच लौकिकाचा आधार घ्यावा लागतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची कल्पना मांडली, तेव्हा या अडचणीतून बाहेर पडण्याची एक वाट मराठीला मिळाली होती. मात्र त्या वाटेने जाणाऱ्यांनी दोन ध्रुवांचा उपयोग बहुधा कलाकृतींची दोन गटांत वाटणी करण्यासाठी केला. या गीतात दोन्ही ध्रुव एकाच ओळीत आणि एकाच ठोक्यावर कार्यरत आहेत. वाटणी करायला जागाच नाही.

यापुढचा मुद्दा हशाचा. त्याआधीचे 'गो लिंप' हे अ‍ॅलेक्स कम्फर्टचे विनोदी गीत आहे. मोर्च्याला निघालेली मुलगी आणि तिला शीलाची काळजी घ्यायला सांगणारी आई यांचा तो संवाद आहे. पोलिसांनी धरले असता अंग सैल सोडावे, या अहिंसक प्रतिकाराच्या शिकवणुकीवर त्यात चावट श्लेष आहे. त्याचे पालुपद सिमोन श्रोत्यांकडून म्हणवून घेते. श्रोते खुशीने गातात. चळवळीच्या बाजूने असल्याचे समाधान त्यांना फुकट मिळते. मग ती पुढच्या गीताचे नाव सांगते. लोक हसतात. गीत चालू असतानाच ती म्हणते की ही एका संगीतिकेतली चाल आहे, फक्त ती संगीतिका अजून लिहिली गेलेली नाही. लोक पुन्हा हसतात. गीत पुढे सरकते, आणि आपण थट्टा करतो आहोत असे तुम्हांला वाटले ना, अशा अर्थाचा प्रश्न ती टाकते. आता पूर्वीसारखा हशा उमटत नाही.

हा हशा संहितेत आहे की संहितेबाहेर? बाहेर आहे असे म्हणणाऱ्याने गायिकेच्या त्या प्रश्नाचा अर्थ लावून दाखवावा. तो प्रश्न हशाला उद्देशून आहे. हशा वगळला तर त्याला संदर्भच उरत नाही. आणि हशा आत आहे असे मानले, तर संहितेची व्याख्या बदलावी लागते, कारण मग तिचा पहिला वाचक तिच्या आतच बसलेला आहे, त्याचे वाचन चुकलेले आहे, आणि ते चुकणे हा रचनेचा भाग आहे. नंतर ऐकणारा कोणीही तो हशा निरागसपणे ऐकू शकत नाही. आपणही हसलो असतो का, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. वाचकप्रतिसादाची मीमांसा मराठीत आयात झाली. प्रतिसाद स्वतःच मुद्रित झालेली अशी संहिता मात्र तिने हाताळलेली नाही.

शीर्षकातल्या शब्दाविषयीही एवढेच सांगायचे की तो 'असभ्य' नाही. मेथडिस्ट धर्मोपदेशिकेच्या मुलीने ईश्वराचे नाव घेऊन एका राज्याला दिलेला तो शाप आहे. मराठीत त्याला तळतळाट म्हणतात. मात्र हेच गीत सुट्या तबकडीवर आले तेव्हा वेष्टनावर तो शब्द न छापता विरामचिन्हांसारख्या खुणा छापण्यात आल्या. आतल्या तबकडीवरचा आवाज जे बोलत होता ते बोलण्याची हिंमत मुद्रणाला झाली नाही. एका विक्रेत्याने तबकड्यांची पेटी परत पाठविली तेव्हा तीतली प्रत्येक तबकडी दुभंगलेली होती, असे सिमोनने आत्मचरित्रात नोंदविले आहे. १९७२ साली 'गोलपिठा' प्रसिद्ध झाल्यानंतर त्यातील शब्दांविषयी श्लील-अश्लीलतेचा जो काथ्याकूट झाला, त्याची आठवण येथे यावी. शब्द कोणी, कोणाला, कोणत्या अधिकाराने उच्चारला हे न पाहता तो शब्दकोशातून तोलला गेला.

६

तात्कालिकतेच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर आहे. या मैफली झाल्या तेव्हा नागरी हक्कांचे विधेयक अमेरिकी सिनेटमध्ये लांबविले जात होते. ते २ जुलै १९६४ रोजी कायदा झाले. गीताचा रोख सबुरीच्या उपदेशावर आहे. हळूहळू जा असे सांगणाऱ्यांचे शब्द गायिका एकेक करून म्हणते आणि साथीदार मागून त्यांचा समाचार घेतात. हे सारे भरधाव लयीत चालते. सबुरीचा उपहास लयच करते. मग कायदा झाल्यावर गीत कालबाह्य व्हायला हवे होते. तसे घडले नाही. मार्च १९६५ मध्ये सेल्मा ते मॉन्टगोमेरी या पदयात्रेच्या वेळी सिमोनने ते मॉन्टगोमेरीत गायिले, तेव्हा शब्दांत सेल्मा आले. पुढेही स्थळनामे बदलत गेली. ज्याला तात्कालिकता म्हणून हिणविले जाते ती येथे रचनेचीच एक मोकळी जागा आहे. प्रत्येक नवा अन्याय तेथे आपले नाव भरतो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत या गीताचा समावेश जाहीर झाला. सन्मान योग्यच, परंतु सूचीत एक पाठ गोठतो आणि गीत मात्र पाठभेदांनी जगते.

पाठभेद हा शब्द मराठी अभ्यासकाला परका नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हापासून या भाषेत पाठचिकित्सेची परंपरा आहे. अभंगाचे आयुष्य कीर्तनात गेले, गाथा नंतर छापल्या गेल्या, हेही सर्वांना ठाऊक आहे. अशा भाषेच्या समीक्षेने प्रयोग म्हणजे संहितेचा उपसर्ग असे मानावे, ही विसंगती आहे. नाट्यसमीक्षेने प्रयोगाचे स्वतंत्र अस्तित्व केव्हाच मान्य केले. गीताच्या बाबतीत मात्र अजून छापील पुस्तकाची वाट पाहिली जाते.

याची किंमत कोणी मोजली तेही पाहिले पाहिजे. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती' (१९७८) या ग्रंथाने कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत चर्चेला आणले. त्यानंतर या दोन साहित्यांची तुलना हा विद्यापीठीय प्रबंधांचा ठरलेला विषय झाला. तुलना कादंबऱ्यांची झाली, आत्मकथनांची झाली, छापील कवितांची झाली. पलीकडचे गाणे आणि अलीकडचा जलसा यांची तुलना मात्र क्वचितच झाली. वस्तुतः दोन्ही समाजांनी आपले सर्वांत निर्भय वाङ्मय पुष्कळदा गाऊनच मांडले होते. वामनदादा कर्डकांची गाणी हजारो माणसांच्या तोंडी असताना समीक्षेने त्यांना 'प्रचारगीते' म्हणून दाराबाहेर बसविले. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत विरही प्रियकर आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी एकाच आवाजात बोलतात. कोणी तिला शृंगारात घालतो, कोणी आंदोलनात. दोन निरोप शेजारी ठेवून ऐकण्याची सवय असती तर ही वाटणी करावी लागली नसती.

'मग सारे गाणे साहित्य म्हणायचे काय?' हा प्रश्न विचारला जाईल. उत्तर नकारार्थी आहे. प्रत्येक मैफलीच्या मुद्रणात हशा असतो, पण प्रत्येक हशा अर्थ घडवीत नाही. क्रम, सान्निध्य, उच्चार, लय आणि श्रोत्यांचा प्रतिसाद यांपैकी काय काढले असता अर्थ कोसळतो, हे दाखवून द्यावे लागेल. ज्या रचनेत ते दाखविता येत नाही ती सोडून द्यावी लागेल. हे काम कष्टाचे आहे आणि त्यासाठी कान तयार करावे लागतील. गायिकेचे दुःखी चरित्र सांगून भागणार नाही आणि चळवळीचा इतिहास सांगूनही भागणार नाही.

कार्नेगी हॉलमधले श्रोते हसले, कारण समोरचा शब्द गंभीर असू शकतो असे त्यांना वाटले नाही. गाण्याला साहित्य मानण्याची सूचना झाली की मराठीच्या व्यासपीठांवर जे स्मित उमटते, त्याचे कारण वेगळे नाही. त्या श्रोत्यांना आपली चूक उमगायला एका गीताचा अवधी पुरला. मराठी समीक्षेने आपल्या शाहिरांची कितीतरी गीते संपू दिली आहेत.